नीतिमत्त्व आयतं मिळालं, मग आज्ञा कशासाठी पाळायच्या?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: ख्रिस्ताचं नीतिमत्त्व विश्वासाने आपल्या नावावर गणलं जातं, ते पूर्ण असतं, त्यात आपण भर घालू शकत नाही, असं तुम्हाला लहानपणापासून शिकवलं. मग आज्ञा पाळल्या काय आणि न पाळल्या काय, देवाच्या लेखी फरक काय? आणि फरक पडत असेल, तर ते नीतिमत्त्व पूर्ण कसं? त्याखाली तुम्ही जाताजाता लिहिलंत की एकाच पापात वर्षानुवर्षं पडता आणि पडल्यावर दोन-तीन दिवस प्रार्थना करत नाही, कारण ‘देवाला तोंड दाखवायची लाज वाटते’. शेवटी विचारलंत, अशा अवस्थेत प्रभुभोजन, म्हणजे मंडळीत ख्रिस्ताच्या आठवणीने घेतात ती भाकर आणि प्याला, घ्यावं का.

मी पाळक आहे. गेली बावीस वर्षं उपदेश, बायबलवर्ग आणि दार लावून केलेली बोलणी यांतच गेली. हा प्रश्न वर्गात आला की तो तर्काचा असतो. दाराआड आला की त्याच्यामागे बहुतेक वेळा एखादी वाईट गेलेली रात्र असते. तुम्ही दोन्ही एकत्र विचारलंत, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी त्या दोन-तीन दिवसांकडे बघू. तिसऱ्या दिवशी असं काय होतं की प्रार्थनेला तोंड उघडतं? ख्रिस्त तर बदललेला नसतो. पाप थोडं जुनं झालेलं असतं आणि मधल्या दिवसांत तुम्ही बरे वागलेले असता, एवढंच. म्हणजे ओठांवर ख्रिस्ताचं नीतिमत्त्व असलं, तरी देवापुढे जाताना हातात धरता ते स्वतःचे दोन-तीन बरे दिवस. हे टोचून बोलत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलं. माझी शिक्षा फक्त एका दिवसाची असायची.

तेव्हा ‘आज्ञा का पाळायच्या’ याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलाय: देवाने मला स्वीकारणं आणि मी त्याचं ऐकणं, यांत आधी काय आणि मागून काय? हा क्रम लागला की बाकीच्या बऱ्याच गाठी आपोआप सैल होतात. तो उलटा लागला, तर कितीही अचूक शिकवण पाठ असली तरी माणूस तीन दिवस कोपऱ्यात बसतो.

थोडी अडचण आपल्या शब्दाचीच आहे. मराठीत नीतिमान माणूस म्हटलं की चांगल्या वागणुकीचा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे ‘देव नीतिमान ठरवतो’ हे वाक्य ऐकताना ‘नीतिमान’ मोठ्याने ऐकू येतं आणि ‘ठरवतो’ निसटून जातं. या विषयात सगळा भार त्या ‘ठरवतो’वर आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं २५:१ पाहा: दोघांचा तंटा न्यायाधीशांपुढे आला, तर त्यांनी निर्दोष्याला निर्दोष ठरवावं आणि दोषी असेल त्याला दोषी. न्यायाधीश एखाद्याला दोषी ठरवतो तेव्हा त्या माणसाच्या अंगात वाईटपणा ओतत नाही; तो निकाल देतो. ‘नीतिमान ठरवणं’ हा त्याच जोडीतला दुसरा शब्द. तोही निकालच. आतून चांगला होण्याची गोष्टही बायबलमध्ये भरपूर आहे, पण तिचं नाव पवित्रीकरण, आणि ते आयुष्यभर चालतं. निकाल एकदाच लागतो.

मात्र इथे एक खडा दातांखाली येतो, आणि तो आला नसेल तर रोमकरांस पत्र आपण फार घाईने वाचलं असं मी समजतो. नीतिसूत्रे १७:१५ म्हणतं, जो दुष्टाला निर्दोष ठरवतो त्याचा परमेश्वराला वीट येतो. आणि रोम ४:५ मध्ये त्या पत्राचा लेखक प्रेषित पौल देवाचं वर्णनच ‘अधर्म्याला नीतिमान ठरवणारा’ असं करतो. माणसांच्या न्यायाधीशाला ज्याची सक्त मनाई, तेच देव करतो? त्याच्या न्यायाचं काय?

पौल याचं उत्तर हिशेबाच्या भाषेत देतो. रोमच्या चौथ्या अध्यायात ‘गणणे’ या अर्थाचं ग्रीक क्रियापद अकरा वेळा येतं. आधार आहे उत्पत्ती १५:६ चा: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणण्यात आलं. मग पौल साधी विचारणा करतो, हे केव्हा गणलं, सुंतेच्या आधी की नंतर? उत्पत्ती उघडून वयं लावून बघा. पंधराव्या अध्यायात गणलं गेलं. सोळाव्याच्या शेवटी इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) ८६ वर्षांचा होता. सतराव्यात सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. म्हणजे आज्ञा पाळून अंगावर खूण होण्याच्या किमान तेरा वर्षं आधी निकाल लागलेला. वर्गात मी ही वयं फळ्यावर लिहितो आणि काही न बोलता थांबतो. कुणीतरी हमखास म्हणतं, “म्हणजे त्या तेरा वर्षांत त्याने काहीच केलं नव्हतं?” केलं की! पत्नीची दासी हागार हिच्यापासून मूल होऊ दिल्याचं प्रकरण त्याच काळातलं. निकालानंतर त्याने इतका मोठा गोंधळ घातला, आणि निकाल फिरवला गेला नाही.

पण एकाचं दुसऱ्याच्या नावावर गणायचं कसं, यासाठी मी लोकांना रोमपेक्षा फिलेमोनाच्या पत्राकडे नेतो. फक्त २५ ओव्यांचं पत्र, त्यामुळे सहसा कुणी उघडत नाही. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, धन्यापासून दूर गेलेला. बहुधा पळालेला, आणि काही नुकसान करून. पौलाच्या तुरुंगवासात तो त्याला भेटतो आणि ख्रिस्ती होतो. पौल त्याला परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो. १७व्या ओवीत पौल म्हणतो, माझा जसा स्वीकार करशील तसा त्याचा कर. १८व्यात म्हणतो, तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. आणि १९व्यात जणू करारावर सही करावी तसं: मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन.

या तीन ओव्या सावकाश वाचा. अनेसिमाचं देणं पौलाकडे जातं आणि पौलाचा मान अनेसिमाकडे येतो. २ करिंथ ५:२१ मध्ये हीच अदलाबदल आहे: ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला आमच्यासाठी पाप केलं, यासाठी की आम्ही त्याच्या ठायी देवाचं नीतिमत्त्व व्हावं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने या पत्राच्या प्रस्तावनेत म्हटलं होतं की विश्वास ठेवला तर आपण सगळे ख्रिस्ताचे अनेसिमच. आता तो दारात उभा असलेला क्षण डोळ्यांपुढे आणा. अनेसिमाच्या हातात स्वतःचं म्हणावं असं काही नाही. एक पत्र आहे, आणि त्यावर ज्याचं अक्षर आहे त्याच्याकडे बघून दार उघडायचं आहे. तो म्हणाला असता का, “मी तीन दिवस बाहेर उभा राहतो, जरा लायक झालो की पत्र दाखवतो”?

आणि नीतिसूत्रांतला तो खडा? देणं बुडालेलं नाही, फेडलं गेलंय. न्याय डोळ्याआड करून दिलेली ही सूट नव्हे. रोम ३:२६ चा रोख हाच: देव स्वतः न्यायी राहून विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. आतून माणूस तसाच आणि कागदावर मात्र नीतिमान, म्हणजे देव डोळे मिटून सोंग करतो का? कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी, ल्यूथर गेल्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, या विषयावरचा आपला निर्णय दिला. त्यानुसार माणूस नीतिमान होतो तो केवळ ख्रिस्ताचं नीतिमत्त्व गणलं गेल्यामुळे नव्हे. कृपा आणि प्रीती त्याच्या हृदयात ओतली जाते आणि देव त्याला खरोखर आतून नीतिमान करतो. कॅथलिक लोक कर्मांनी तारण विकत घेतात, असं जे सरसकट बोललं जातं, ते चुकीचं आहे. त्याच निर्णयात आरंभ कृपेपासूनच होतो असं स्पष्ट म्हटलंय. मतभेद नेमका इथे आहे की देवापुढे उभं राहताना मी बोट कशाकडे दाखवायचं: माझ्यात ओतलेल्या नीतिमत्त्वाकडे, की माझ्याबाहेर ख्रिस्तात असलेल्या नीतिमत्त्वाकडे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्ग शहरात लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, अंतर बरंच कमी झालं, पण हा मुद्दा पूर्ण मिटला असं मी म्हणणार नाही. मी स्वतः बाहेर बोट दाखवतो. आत जे आहे ते मी रोज पाहतो. त्यावर भार टाकायची माझी हिंमत नाही.

सोंगाच्या आक्षेपाला माझं उत्तर मात्र ‘ख्रिस्ताच्या ठायी’ या पौलाच्या दोन शब्दांत आहे. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व एखाद्या पोत्यासारखं दुरून उचलून माझ्या खात्यात टाकलं जात नाही. विश्वासाने मी त्याच्याशी जोडला जातो, आणि जोडला गेल्यामुळे त्याचं ते माझं होतं. फिलिप्पै ३:९ मध्ये पौल आधी म्हणतो ‘मी त्याच्या ठायी आढळावं’ आणि मग नीतिमत्त्वाबद्दल बोलतो. आधी नातं, मग हिशेब.

तुमच्या मूळ प्रश्नाची गाठ इथेच सुटते. ज्या ख्रिस्ताशी जोडला गेल्यामुळे मी नीतिमान ठरतो, त्याच ख्रिस्ताशी जोडला गेल्यामुळे त्याचा आत्मा माझ्यात काम करतो. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत सूर्याचा दाखला आहे: उजेड आणि ऊब सूर्यापासून वेगळे काढता येत नाहीत, तरी पृथ्वी उजेडाने तापते आणि उबेने उजळते असं कुणी म्हणत नाही. नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं तसंच. एक दुसऱ्याचं कारण नाही, पण एकाला सोडून दुसरं कधी येत नाही. “मला क्षमा हवी, पण आज्ञापालन नको” असं म्हणणारा खरं तर अर्धा ख्रिस्त मागतो, आणि तसा कुणाला मिळत नाही.

रोमच्या सहाव्या अध्यायाची सुरुवात तुमच्याच प्रश्नाने होते, हे लक्षात आलं का? कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? मी तर नव्या उपदेशकांना सांगतो, तुमचा कृपेवरचा उपदेश ऐकून हा प्रश्न कुणालाच पडला नाही, तर कृपा पुरती सांगितलीच नाही असं समजा. पौलाच्या उत्तराचा सूरही पाहा. “पापात राहिलात तर निकाल रद्द होईल” असं तो तिथे म्हणत नाही. तो म्हणतो, जे आपण पापाला मेलो ते आपण यापुढे त्यात कसे राहणार? बाप्तिस्मा घेतलात तेव्हा कोणाशी जोडले गेलात ते आठवा. म्हणजे आज्ञा पाळायचं कारणही पुन्हा तेच नातं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जे गणलं जातं ते मुळात आहे तरी काय? रोम ५:१९ म्हणतं, एका माणसाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले, तसे एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. गणलं गेलेलं नीतिमत्त्व म्हणजे एका माणसाने जन्मापासून वधस्तंभापर्यंत केलेलं आज्ञापालन. देवाला आज्ञापालनाचं काही वाटत नसतं, तर त्याने ते इतक्या किमतीने आपल्यासाठी मिळवलं असतं का? म्हणून ‘नीतिमत्त्व आयतं मिळालं, आता आज्ञांना अर्थ नाही’ हे वाक्य मुळातच आपटतं. रोमकरांस पत्राच्या दोन्ही टोकांना, १:५ आणि १६:२६ ला, पौल विश्वास आणि आज्ञापालन हे दोन शब्द एकाच दोऱ्यात ओवतो. आणि फिलेमोनाच्या पत्रातही, हिशेबाची सगळी भाषा झाल्यावर, २१व्या ओवीत काय आहे? तू आज्ञा पाळशील असा भरवसा धरून मी तुला लिहिलं आहे. सांगतो त्यापेक्षाही तू अधिक करशील हे मला ठाऊक आहे.

१५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणारं पुस्तक, हे सगळं रचनेतूनच शिकवते. १२९ प्रश्न, तीन भाग: आपली दैना, आपली सुटका आणि आपली कृतज्ञता. दहा आज्ञांचं एकेक करून विवरण तिसऱ्या भागात, कृतज्ञतेखाली येतं. ल्यूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत मात्र दहा आज्ञा सर्वांत आधी आहेत, कारण तिथे पाप उघडं पाडणं हे त्यांचं पहिलं काम. दोन्ही रचना मला पटतात; कुठली वापरायची ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. हायडेलबर्गचा ११४वा प्रश्न तुमच्यासाठी आहे. देवाकडे वळलेल्यांना या आज्ञा पूर्ण पाळता येतात का? उत्तराचा आशय असा: नाही, अतिशय पवित्र माणसांच्याही हाती या जन्मी आज्ञापालनाची लहानशी सुरुवातच असते, पण ते मनापासून, काही नव्हे तर सर्व आज्ञांप्रमाणे जगायला लागतात. ‘लहानशी सुरुवात’ हे शब्द मी कित्येकांना वहीत लिहून दिले आहेत.

मग या लहानशा सुरुवातीची देवाला किंमत आहे का? तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘आमची सगळी सत्कृत्यं घाणेरड्या वस्त्रासारखी’. ते यशया ६४:६. देवाला सोडून भरकटलेल्या लोकांचा तो पापांगीकार आहे, आणि निकालासाठी पुढे करायचा पुरावा म्हणून आपली कृत्यं तशीच आहेत, खरं. पण विश्वासणाऱ्याच्या प्रत्येक कृतीवर ते वाक्य चिकटवलं की भलतंच होतं. फिलिप्पै येथल्या मंडळीने पौलाला मदत पाठवली तेव्हा ४:१८ मध्ये तो त्या मदतीला काय म्हणतो? सुगंध, देवाला मान्य व संतोषकारक असा यज्ञ. त्या देणगीतही कुणाचा ना कुणाचा मोठेपणा मिसळलेला असेलच. तरी सुगंध. माणूस आधी स्वीकारला गेलाय, म्हणून त्याचं अर्धंमुर्धं कामही स्वीकारलं जातं. न्यायालयात जे टिकलं नसतं, ते घरात बापाला आवडतं.

आता बायबलमधलं याकोबाचं पत्र, कारण त्याच्याशिवाय हे उत्तर कुणी मान्य करणार नाही. याकोब २:२४ म्हणतं, मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर कृत्यांनीही नीतिमान ठरतो. दोन गोष्टी बघा. याकोब ज्या विश्वासाला झोडपतो तो १९व्या ओवीतला आहे: देव एकच आहे हे मानणारा, जो भुतांकडेही असतो. पौल त्याला विश्वास म्हणणारच नाही. गलती ५:६ मध्ये त्याचा विश्वास प्रीतीतून काम करणारा आहे. दुसरं, याकोब दाखला देतो तो उत्पत्ती २२ चा, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघाला त्याचा, म्हणजे निकालानंतर कितीतरी वर्षांनी घडलेल्या प्रसंगाचा. आणि त्यामुळे उत्पत्ती १५:६ चा शब्द ‘पूर्ण झाला’ असं तो म्हणतो. मी हे असं वाचतो की जे आधी ठरलं होतं ते तिथे उघड दिसलं. मत्तय ११:१९ मध्येही ‘ज्ञान आपल्या कृत्यांनी न्यायी ठरतं’ असं आहे, तिथेही अर्थ ‘खरं दिसून येतं’ असाच. याकोबाचं याहून वेगळं वाचन करणारे चांगले अभ्यासक आहेत, पण पौल आणि याकोब एकमेकांविरुद्ध उभे आहेत असं म्हणायला मला तरी कारण सापडलेलं नाही.

इथवर सगळं सर्वांना सारखंच लागू आहे. यापुढचं माणसावर अवलंबून आहे, आणि इथे मी स्वतः दोनदा जबर चुकलोय.

एक गृहस्थ माझ्याकडे रडत आले, आपण फार पापी आहोत म्हणाले. मी त्यांना रोम ८:१ वाचून दाखवलं, ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही. ते हलके होऊन गेले. महिन्याभराने कळलं की ते पत्नीला फसवत होते, त्या आठवड्यात फसवत होते, आणि थांबायचा विचारही नव्हता. माझ्या वचनाने त्यांना फक्त झोप चांगली लागली. दुसऱ्या एक बाई, मनाने अतिशय हळव्या, बारीकसारीक चुकांचीही रोज नोंद ठेवणाऱ्या. त्यांच्या विश्वासाला धार यावी म्हणून मी त्यांना याकोबाचं पत्र अभ्यासायला दिलं. त्यांनी काही महिने प्रभुभोजन घेणंच सोडलं. वचन दोन्ही वेळा खरंच होतं. ज्याला द्यायचं त्याला दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी शिकवण सांगण्याआधी एक साधा प्रश्न विचारतो: पाप घडल्यावर तुम्ही काय करता? तो लपवतो, कारणं सांगतो, पुढची सोय आखतो, तर त्याला आधी आज्ञा ऐकवायची. कृपा त्याच्या हातात पांघरूण होते. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याला १७६५ मध्ये नेमकी हीच भीती होती: ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपलं होतं हे तो मानत असे, पण लोक ते शब्द आपल्या अनीतीवर पांघरूण म्हणून घेतात, हे त्याने उपदेशात उघड सांगितलं. आणि जो पाप झाल्यावर स्वतःला झोडतो, दूर बसतो, पुन्हा लायक व्हायची वाट बघतो, त्याला आज्ञा पुन्हा वाचून दाखवण्यात अर्थ नाही. त्या त्याला पाठ असतात. त्याला निकाल ऐकवायचा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही दुसऱ्या प्रकारचे वाटता. चुकत असेन तर ते तुम्हालाच कळेल: ते पाप सोडायची इच्छा आहे, की फक्त त्याची बोचणी जावी अशी इच्छा आहे? खाजगीत स्वतःला विचारा.

नीतिमत्त्व गमावता येतं का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. कॅल्विनच्या शिकवणीला मानणारी रिफॉर्म्ड परंपरा म्हणते, ज्याला देवाने खरोखर नीतिमान ठरवलं त्याचं ते जात नाही. लुथरन, म्हणजे ल्यूथरच्या, आणि वेस्लीच्या परंपरेतले लोक म्हणतात, माणूस विश्वासच टाकून देऊ शकतो आणि मग सगळंच जातं. मी पहिल्या बाजूचा आहे, पण इथे वाद वाढवत नाही, कारण तुमच्या अडचणीला त्याची गरज नाही. पडलेला माणूस देवाकडे परत येत असेल, तर त्याचा विश्वास मेलेला नाही. दावीदाचं स्तोत्र ३२ पौलाने रोम ४ मध्ये मुद्दाम घेतलंय: ज्याच्या हिशेबी परमेश्वर पाप गणत नाही तो धन्य. ‘गणणे’ इथेही आहे, फक्त नकारात. आणि त्याच स्तोत्रात तिसऱ्या ओवीत दावीद सांगतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. तुमचे ते दोन-तीन दिवस म्हणजे हीच गप्प राहण्याची ओवी. पाचव्यात तो कबूल करतो, आणि क्षमा त्याच ओवीत येते. मधे दिवस मोजलेले नाहीत.

तेव्हा करायचं एवढंच: पुढच्या वेळी पडलात तर त्याच रात्री, अंथरुणाला पाठ टेकण्याआधी, प्रार्थना करा. लांब नको. पापाचं नाव घ्या, ‘माझ्या काही चुका’ असं मोघम नको. मग २ करिंथ ५:२१ मोठ्याने वाचा. आणि सकाळी उठून त्या पापाची वाट बंद करायला जे व्यावहारिक पाऊल लागेल ते उचला, एका विश्वासू माणसाला सांगणं धरून. पाऊल रात्रीच्या प्रार्थनेनंतर उचलायचं, ती करायला परवानगी मिळावी म्हणून आधी नव्हे. सुरुवातीला हे जवळजवळ निर्लज्जपणाचं वाटेल. वाटू द्या.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. १ करिंथ ११ मधल्या ‘अयोग्य प्रकारे’ या शब्दांनी तुम्ही घाबरलात, बरेच जण घाबरतात. तिथे पौल बोलतोय ते घेण्याच्या रीतीबद्दल: करिंथात कुणी आधीच खाऊन मस्त होत होतं आणि कुणी उपाशी राहत होतं, गरिबांना खाली बघायला लावलं जात होतं. स्वतः लायक असलेल्यांनीच यावं असा नियम असता, तर पौलालाही मेजापासून उठावं लागलं असतं. एखाद्याचं तुम्ही नुकसान करत असाल आणि पुढेही करायचं ठरवलं असेल, तर मत्तय ५:२४ प्रमाणे आधी जाऊन समेट करा. तसं नसेल, तर २८वी ओवी तुमच्यासाठी आहे, आणि ती अर्ध्यावर सोडू नका. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढे लिहिलंय: आणि मग त्या भाकरीतून खावं.